लष्करी ट्रकचा झाला शेतावरचा बंब

उन्हं तापायला लागली, ज्वारी निघाली, कडब्याच्या गंज्या लागल्या, आणि आपल्या गटांकडून दरवर्षीचा प्रश्न आला. या वेळी तो जरा पुढचा आहे. ‘तालुक्याच्या गावाहून बंब येईस्तोवर गंजीची राख होते. आमच्या गटाकडे ट्रॅक्टर आहे, पाण्याचा टँकर आहे. त्याचाच बंब करता येईल का?’

करता येईल, हे आधीच सांगून टाकतो. पण कसा, हे सांगण्याआधी आज तुम्हाला लांब घेऊन जाणार आहोत, अमेरिकेतल्या गवताळ मुलखात. कारण तिथल्या शेतकऱ्यांनी हेच काम गेली साठ-सत्तर वर्षं केलंय, तेही सैन्याच्या जुन्या ट्रकांवर. काय जमलं आणि कुठे माणसं दगावली, दोन्ही त्यांनी लिहून ठेवलंय. दुसऱ्याच्या ठेचेवर आपण शहाणं व्हायला काय हरकत आहे?

अमेरिकेच्या मधोमध कॅन्सस, नेब्रास्का, ओक्लाहोमा अशी राज्यं आहेत. सपाट माळ, मैलोन्‌मैल गहू, गुरांची कुरणं आणि वारा. वाऱ्याला अडवायला ना डोंगर ना झाडी. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत वाळून कोळ झालेलं असतं आणि तेव्हाच वारा सुटतो. २०१७ च्या मार्चमध्ये ओक्लाहोमात लागलेली एक आग कॅन्ससमध्ये शिरली आणि तिने सहा लाख एकरांहून जास्त रान जाळलं. हजारो गुरं गेली. त्या आगीचं नाव ‘स्टारबक’. तिकडे मोठ्या आगीला नाव ठेवतात, आपण पुराला साल ठेवतो तसं.

अशा मुलखात पगारी अग्निशामक दल फक्त शहरात. खेड्यापाड्यांत आग विझवणारे सगळे गावकरीच. शेतकरी, शाळेतला मास्तर, दुकानदार. भोंगा वाजला की हातातलं काम टाकून निघायचं. पगार नाही. नवीन बंबगाडी घ्यायची तर गावाची कित्येक वर्षांची जमा जाईल. मग यांनी गाड्या आणल्या कुठून? सैन्याकडून. सैन्याला नको झालेल्या गाड्या वनखात्यामार्फत राज्यांना आणि राज्यांकडून गावांच्या दलांना द्यायच्या, अशी योजना तिथे १९५६ पासून चालू आहे. तिच्या पहिल्या प्रकारात गाडी गावाच्या मालकीची होत नाही. मालक केंद्र सरकारच, गाव फक्त वापरतं, सांभाळतं आणि काम संपलं की परत करतं. नंतर दुसरा प्रकार आला, त्यात मालकीही मिळते. दोन्हींत एक अट मात्र पक्की: गाडीचा लष्करी रंग काढायचा. लाल, पिवळी, पांढरी काहीही रंगवा, पण रंगवा.

२०१४ मध्ये ही योजना काही दिवस बंद पडली होती. जुन्या लष्करी इंजिनांचा धूर प्रदूषणाच्या नियमात बसत नाही, असं कागदावर निघालं. गावोगावची दलं ओरडली, कारण कित्येकांच्या निम्म्या गाड्या याच वाटेने आलेल्या. मग मार्ग निघाला आणि गाड्या पुन्हा मिळू लागल्या. कागद काय, सगळीकडे सारखाच.

आता तो ट्रक बघू. सगळ्यात जास्त वापरला गेला तो ‘एम-३५’. १९५० च्या सुमारास आला आणि पुढची काही दशकं बनत राहिला. लोक त्याला ‘ड्यूस अँड अ हाफ’ म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत ‘अडीच टनी’. दहा चाकं. पुढे दोन आणि मागे दोन आसांवर मिळून आठ. इंजिनाची ताकद सगळ्या आसांना जाते, त्यामुळे नांगरटीत, चिखलात, ओढ्यात तो अडकता अडकत नाही. जमिनीपासून उंच, म्हणून धसकटं, दगड खाली लागत नाहीत. आणि नंतरच्या पुष्कळशा ट्रकांचं इंजिन असं की डिझेल नसलं तर रॉकेलवरही चालावं. युद्धात जे मिळेल ते ओतता यावं म्हणून ते तसं केलेलं. शेतकऱ्याला असली गाडी आवडेल नाही तर काय!

पण या गुणी गाडीचे अवगुणही तिथले जुने जाणते लोक आधी सांगतात. ती धीमी आहे, भरलेली असताना ताशी ९० किलोमीटरच्या आतच चालते आणि तेवढंही जड जातं. स्टिअरिंग वळवायला खांदे लागतात. सीटला पट्टे नव्हते, ते नंतर बसवावे लागतात. बॅटरीची वीज २४ व्होल्ट, त्यामुळे साधे १२ व्होल्टचे दिवे, भोंगा, वायरलेस सरळ लावता येत नाहीत, मध्ये उतरवणारं यंत्र बसवावं लागतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट ब्रेकची. पुष्कळ ट्रकांत ब्रेकच्या तेलाचा रस्ता एकच आहे. एका चाकाशी गळती झाली, की सगळ्या चाकांचे ब्रेक एकदम जातात. आजकालच्या गाड्यांत दोन वेगळे रस्ते असतात, एक गेला तरी दुसरा धरतो. म्हणून जे दल शहाणं, ते टाकी-पंपाचं नाव काढायच्या आधी ब्रेकचं काम करतं. टाकी दिसते, ब्रेक दिसत नाही, म्हणून पैसा टाकीवर जातो. हे आम्हाला आपल्याकडच्या ट्रॉल्यांचं बघूनही वाटतं. ट्रॉलीला ब्रेक आहे का, असं विचारलं तर किती जणी हो म्हणतील?

आता येऊ खऱ्या गोष्टीवर. वजन.

अडीच टनी हे नाव आलं कुठून? रानात, रस्ता सोडून, या ट्रकने ५,००० पौंड वाहायचे, असं सैन्याने ठरवलेलं. म्हणजे साधारण २,२७० किलो. चांगल्या सडकेवर त्याच्या दुप्पट चालतात. पण आग सडकेवर लागत नाही. तेव्हा आपला आकडा २,२७० किलो.

पाण्याचं गणित तुम्हाला आम्ही काय शिकवणार? एक लिटर म्हणजे एक किलो. पंधरा लिटरचा हंडा डोक्यावर घेतला की मान सांगते. दीडशे हंडे पाणी झालं की या ट्रकचं रानातलं वजन संपलं. पण अजून टाकी कुठे मोजली? पत्र्याची टाकी, ती बसवायची लोखंडी चौकट, पंप, पाईप, पाईप गुंडाळायचं रहाट, फावडी, मागची माणसं. हे सगळं सहाशे-सातशे किलो धरलं तर पाण्याला उरले सोळाशे लिटर. सैन्याचा मूळ हौदा काढून टाकला तर त्याचं वजन परत मिळतं, म्हणून तो काढतातच. तरी आकडा फार वाढत नाही.

आणि लोकांनी काय केलं? हजार गॅलनची टाकी बसवली. हजार गॅलन म्हणजे ३,७८५ लिटर. पावणेचार टनांहून जास्त नुसतं पाणी. ट्रक उचलतो, हेच वाईट. तो लगेच मोडत नाही. चालतो, गुरगुरत रानात जातो, सगळे टाळ्या वाजवतात. मग एक दिवस उतारावर ब्रेक पुरत नाहीत, बांधावरून जाताना तोल जातो, मागचा टायर फुटतो. भरलेलं पाणी गरजेचं होतं असं वाटत होतं, तेच पाणी गाडी उलथवतं.

मिशिगन राज्यात रॉसकॉमन नावाचं एक ठिकाण आहे. तिथे १९७२ पासून याच कामाचं एक केंद्र चालतं. लष्करी गाडी आली की तिचा बंब कसा करायचा, किती पाण्याची टाकी झेपेल, चौकट कशी जोडायची, याचे नकाशे करून ते गावांच्या दलांना देतात. प्रत्येक गावाने आपल्या वेल्डरच्या अंदाजाने काम करू नये, हा त्यांचा हेतू. गावचा वेल्डर हुशार असतो, आमचं त्याच्याशी भांडण नाही. पण अंदाज एका माणसाचा, नकाशा शंभर ठिकाणी तपासलेला. त्यांचा साधा नियम असा: काम संपलं की टाकी भरून, सगळं सामान आणि माणसं चढवून गाडी वजनकाट्यावर न्यायची. आधी पुढचा आस एकटा काट्यावर, मग मागचे आस, मग पूर्ण गाडी. सगळं वजन मागेच पडलं असेल तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. ऊस कारखान्याचा काटा आपल्या जवळच असतो. हे काम फुकटात होण्यासारखं आहे.

वजनाच्या पोटातच दुसरी गोष्ट आहे, ती हिंदकळणाऱ्या पाण्याची. डोक्यावरचा हंडा काठोकाठ भरलेला असला तर पाणी गप असतं. अर्धा असला तर प्रत्येक पावलाला डुचमळतं, मानेला हिसके बसतात. जुन्या बाया हंड्यात लिंबाची डहाळी टाकायच्या, आठवतं? पानांनी लाट मोडते. टँकरच्या टाकीत तेच काम आतले आडवे-उभे पडदे करतात. भोकं पाडलेले पत्र्याचे पडदे टाकीत उभे-आडवे जोडतात, त्यामुळे पाण्याची लाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावू शकत नाही. पडदे नसलेली अर्धी भरलेली टाकी घेऊन वळणावर गेलं, तर आपण वळतो पण पाणी सरळ जातं, आणि गाडीला कुशीवर पाडतं.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. अमेरिकेत आग विझवताना जे स्वयंसेवक मरतात, त्यांतले कितीतरी आगीपाशी पोचायच्या आतच, पाण्याची गाडी उलटून मरतात. तिथल्या सरकारी संस्थांनी एकेका अपघाताची चौकशी करून अहवाल काढलेत आणि २००३ मध्ये फक्त पाण्याच्या टँकरची सुरक्षित हाकणी या एका विषयावर वेगळं पुस्तक काढलं. त्यांत पुन्हा पुन्हा तीच कारणं येतात: दुसऱ्या कामाची टाकी पाण्याला वापरली, आत पडदे नव्हते, वजन जास्त होतं, चालक घाईत होता, पट्टा लावला नव्हता. दुसऱ्या कामाची टाकी म्हणजे काय ते बघा. पेट्रोलचा टँकर स्वस्तात मिळतो. पण पेट्रोल एक लिटरला साधारण पाऊण किलो. पाच हजार लिटरच्या त्या टाकीत पाणी भरलं की पावणेचार टनांच्या जागी पाच टन झाले, आणि गाडी तेवढ्यासाठी केलेलीच नव्हती. दुधाचा टँकर घ्यावा तर दूध आणि पाण्याचं वजन जवळपास सारखं, पण दुधाच्या टाकीत आत पडदे ठेवत नाहीत, धुवायला अडचण होते म्हणून. डेअरीवाल्या बहिणींनी हे कान देऊन ऐकावं, कारण जुन्या दुधाच्या टाकीचा विचार आपल्याकडे पहिला येतो.

पंपाबद्दल थोडक्यात. घर जळत असेल तर गाडी एका जागी उभी करून पाणी मारतात. गवताची आग मात्र पळते, तिच्याबरोबर गाडीनेही पळायचं असतं. म्हणून पंपाला त्याचं वेगळं छोटं इंजिन लागतं. गाडी पहिल्या गियरमध्ये रांगते आणि पंप आपल्या जोराने चालू राहतो. गाडीच्याच इंजिनावर पंप लावला तर गाडी हळू झाली की पाणीही हळू होतं.

आणि पाणी किती सोडायचं? सोळाशे लिटर ऐकायला पुष्कळ वाटतात. मोठ्या तोंडाच्या नळीने मिनिटाला १०० लिटर सोडले तर सोळा मिनिटांत टाकी रिकामी. बारीक तोंडाच्या नोझलने मिनिटाला ४० लिटर सोडले तर चाळीस मिनिटं पुरतं, आणि वाळल्या गवताला तेवढं बास होतं. तिथले लोक पाण्यात थोडा फेस करणारं द्रव्य मिसळतात, शंभर लिटरला अगदी पाव-अर्धा लिटर. साबणासारखंच असतं ते. त्याने पाणी थेंब होऊन ओघळत नाही, गवताच्या काडीला चिकटतं, आत मुरतं. तेवढ्याच पाण्यात जास्त काम.

गाडी आगीला कुठून भिडते, हे मात्र नीट समजून घ्या, कारण इथे जीव जातो. आगीचं तोंड वाऱ्याच्या दिशेला असतं. तोंडासमोर जाऊन उभं राहायचं नाही. आग जिथून सुरू झाली, जिथलं गवत जळून काळं झालंय, त्या काळ्या जमिनीत शिरायचं आणि तिथून बाजूबाजूने पाणी मारत तोंडाकडे सरकायचं. काळ्यात दुसऱ्यांदा जळायला काही उरलेलं नसतं. वारा फिरला तरी पाय जळक्या जमिनीवर आहेत. न जळलेल्या गवतात उभं राहून आगीची वाट बघणं म्हणजे सरणावर बसून काडीची वाट बघणं.

याचा सगळ्यात कडू दाखला अमेरिकेचा नाही, ऑस्ट्रेलियाचा आहे. तिथेही शेतकऱ्यांच्या स्वयंसेवक दलांचं मोठं जाळं आहे आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही उरलेल्या लष्करी ट्रकांवर टाक्या चढवून बंब केले होते. पण ही गोष्ट अलीकडची आहे. २ डिसेंबर १९९८, व्हिक्टोरिया राज्यातलं लिंटन नावाचं गाव. रानात आग लागली होती. एक बंबगाडी पाणी भरून आणायला निघाली, आणि वाटेत वारा फिरला. जी आगीची बाजू होती, ती क्षणात तोंड झाली. गाडीत स्वतःवर उडवायला पाणी पुरेसं उरलेलं नव्हतं. आतले पाचही स्वयंसेवक गेले. त्यानंतर तिथल्या दलाने नियम केला: काहीही होवो, टाकीतलं शेवटचं २५० लिटर पाणी आगीवर मारायचं नाही. ते गाडीतल्या माणसांचं. काट्यावर खूण करायची, खुणेला पाणी आलं की माघारी फिरायचं. समोर कुणाचं शेत जळत असलं तरी.

शेवटचं वाक्य ऐकायला कठीण आहे. समोर भावकीचा ऊस जळतोय, टाकीत पाणी आहे आणि आपण फिरायचं? म्हणूनच ते आगीच्या वेळी ठरवायचं नसतं. गटाच्या बैठकीत, चहा पिताना, डोकं थंड असताना ठरवायचं, आणि सगळ्या गावाला आधीच सांगून ठेवायचं.

आता आपल्या रानात परत येऊ. आपल्याकडेही सैन्याच्या जुन्या गाड्या लिलावात निघतात. जबलपूरच्या कारखान्यातला ‘शक्तिमान’ ट्रक तुमच्यातल्या काहींनी पाहिलाही असेल. पण आमचं स्पष्ट मत, गटाने त्या वाटेला जाऊ नये. जुन्या ट्रकचे सुटे भाग, आरटीओचे कागद, जड गाडी चालवायचा परवाना असलेला चालक, वर्षाचे दहा महिने उभ्या गाडीचा विमा, हे सगळं गळ्यात पडतं. अमेरिकेत मागे वनखातं उभं असतं, सुट्या भागांचा साठा असतो. आपल्याकडे जे आहे ते ट्रॅक्टर. तो रानात चालायलाच केलेला आहे आणि प्रत्येक वस्तीवर आहे.

टँकरचं काय? आपल्याकडे सहसा पाच हजार लिटरचा टँकर असतो. लग्नाला, दुष्काळात सडकेने पाणी न्यायला तो ठीक. पण भरल्यावर पाच टन पाणी आणि वर टाकीचं, चाकांचं वजन. मऊ रानात तो रुततो, उतारावर ट्रॅक्टरला ढकलतो. मग कुणीतरी म्हणतं, अर्धाच भरू. अर्धा भरला की डुचमळतो. दोन्हीकडून मरण. त्यापेक्षा लहान टाकी घ्या आणि पूर्ण भरा. हजार लिटरची एक टाकी, किंवा पाचशेच्या दोन, ट्रॉलीत आसाच्या वर, जमेल तेवढी खाली, चारही बाजूंनी लोखंडी पट्ट्यांनी आवळून बांधलेली. दोन लहान टाक्यांचा फायदा असा की एक संपली तरी दुसरी भरलेली असते, लाट निम्म्या अंतरातच अडते, आणि राखून ठेवायचं पाणी दुसऱ्या टाकीत वेगळं राहतं. प्लास्टिकची टाकी दोरीने बांधू नका, दोरी जळते आणि धक्क्याने सुटतेही.

पंप तर आपल्या घरातच आहे. द्राक्ष, डाळिंब, आंब्याच्या फवारणीचा एचटीपी पंप. त्याचा दाब चांगला असतो, पाणी मिनिटाला तीसेक लिटरच जातं आणि गनने धार किंवा तुषार दोन्ही करता येतं. हजार लिटरमधले दोनशे राखले तर आठशे लिटर पंचवीस मिनिटांहून जास्त पुरतात. गाडी सरकत असताना पाणी मारायचं तर पंपाला वेगळं इंजिन हवं, हे वर सांगितलंच. पंखा असलेला द्राक्षाचा ब्लोअर मात्र आणू नका. तो पंखा आगीला वारा घालतो. आणि औषध फवारलेली टाकी, नळी दोन-तीनदा धुतल्याशिवाय वापरू नका, वाफ नाकात जाते.

टाकी पुन्हा भरायची कुठे, हाही प्रश्न आधी सोडवायचा. विहिरीवरची मोटर विजेवर, आणि आग लागली की वीज बहुतेक वेळा बंद असते, किंवा आपणच बंद करायला सांगतो. म्हणून डिझेल किंवा पेट्रोलवरचा एक पंप, फूटव्हॉल्व्ह आणि जाळी लावलेला पाईप, ट्रॉलीतच ठेवा. कुठल्या विहिरीपर्यंत ट्रॉली जाते, शेततळ्याला उतार आहे का, हे हिवाळ्यातच बघून घ्या.

आणखी एक, उसाबद्दल. उभ्या उसाची आग हा गवताचा खेळ नाही. दहा-बारा फूट उंचीचं पाचट पेटतं, ज्वाळा डोक्याच्या वर दुप्पट जातात. हजार लिटरच्या टाकीने पेटलेला फड विझत नाही, आणि कुणीही फडात शिरायचं नाही, सरीतून पळता येत नाही. आपलं काम शेजारचा फड वाचवायचं. वाऱ्याखालच्या बाजूला पाणंद, ओढा, नांगरलेलं रान असेल तिथे आधी पोचून शेजारच्या बांधावरचं पाचट भिजवा, उडणाऱ्या ठिणग्या विझवा. दोघीजणी पाठीमागे तोंड करून उभ्या राहतील अशी वाटणी करा, कारण ठिणगी डोक्यावरून मागे पडते. निघायचा रस्ता मोकळा ठेवा, ट्रॅक्टरचं तोंड बाहेरच्या बाजूला. आणि विजेची तार तुटून पडली असेल तर उपकेंद्राला फोन करून वीज बंद झाल्याचं कळेपर्यंत पाण्याची धार तिकडे न्यायचीच नाही. धारेतून करंट येतो. जळालेल्या उसाचं वजन आणि उतारा दोन्ही दिवसागणिक घटतात, तेव्हा त्याच दिवशी कारखान्याच्या शेतकी खात्याला कळवून तोड लावून घ्या आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या.

कडब्याच्या गंजीचं वेगळं. वरून कितीही पाणी ओता, आत धगधगत राहतं, रात्री पुन्हा भडकतं. पेंढ्या ओढून पसरवायच्या आणि पसरलेल्यावर पाणी मारायचं. इथे टाकीत धुण्याची पावडर मूठभर टाकली तर पाणी आत मुरायला मदत होते. पावडर आधी बादलीत विरघळवा, नाहीतर नोझल तुंबतं. भिजलेला पावडरीचा कडबा गुरांना घालू नका.

अंगावर काय, हे आम्ही सांगितलं की काही जणी हसतात. नायलॉनची, सिंथेटिकची साडी ठिणगीने वितळते आणि कातडीला चिकटते. सुती सलवार-कमीज, किंवा घरातल्या पुरुषाची जुनी सुती पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात बूट, डोक्याला ओला सुती टॉवेल. ओढणी आणि पदर मोकळा नको, पीटीओच्या फिरत्या दांड्यात तो गुंततो, आणि तो अपघात आगीपेक्षा वाईट. ट्रॉली रस्त्याने पळत असताना कुणीही मागे उभं राहायचं नाही. आगीच्या जागी पोचल्यावर चढा.

फेब्रुवारी ते मे टाकी कायम भरलेली. दर सोमवारी पंप चालू करून पाच मिनिटं पाणी मारून बघा, शेणखताच्या खड्ड्यावर मारा, वाया जाणार नाही. ट्रॅक्टर भाड्याने बाहेर गेला असेल तर त्या दिवशी दुसरा कुणाचा येईल, हे आधी बोलून ठेवा. ट्रॅक्टरची चावी घरधन्याच्या खिशात आणि घरधनी बाजारात, असं बऱ्याच ठिकाणी असतं, म्हणून दुसरी चावी गटाच्या अध्यक्षताईंकडे ठेवा. निदान दोन जणींनी ट्रॅक्टर चालवायला शिकून परवाना काढावा. आणि आपला बंब निघायच्या आधी १०१ ला किंवा ११२ ला फोन झालेला असावा. आपण तालुक्याच्या बंबाच्या जागी नाही, तो येईपर्यंतच्या अर्ध्या तासासाठी आहोत.

पाण्याची खूण तेवढी आजच करा. टाकीवर बाहेरून लाल रंगाचा पट्टा, दोनशे लिटरच्या पातळीवर, वितभर रुंद. धुरातून दिसला पाहिजे.